गाडी चार्ज का होत नाही?

मी इलेक्ट्रिकल ब्रँचची असल्यामुळे "गाडी चार्जच नाही होऊन राहिली" ही तक्रार हमखास माझ्याकडे येते. माझा अनुभव असा की, दोष पुष्कळदा स्कूटरमध्ये नसून भिंतीत असतो. म्हणून तपासणी भिंतीपासून सुरू करायची.

१) सॉकेट : आधी त्याच सॉकेटला दुसरे काहीतरी लावून बघा. ७५० वॅटचा चार्जर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर करंट घेतो, तोही तासन्‌तास. सॉकेटची पकड सैल होऊन तिथे एक ओहम रेझिस्टन्स जरी आला, तरी 'आय स्क्वेअर आर'च्या हिशेबाने त्या एका टोकावर दहा-अकरा वॅट उष्णता तयार होते. म्हणजे २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळजवळ निम्मी! प्लग चटका देत असेल तर चार्जिंग लगेच बंद करा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

२) अर्थिंग : अर्थिंग मिळाले नाही तर अनेक चार्जर सुरूच होत नाहीत. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही व्होल्टेज जवळपास सारखी यायला हवीत. चार्जरला फसवायचा जुगाड मात्र करू नका. तो नखरे करत नाही, तुमचा जीव सांभाळतो आहे.

३) ऊन : यवतमाळचा मे महिना आपल्याला माहीत आहेच. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर तापले की बॅटरीतली कंट्रोल सिस्टिम सहसा चार्जिंग थांबवते. दुपारी उन्हातून आणलेली गाडी तासभर सावलीत ठेवा, मग लावा. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली.

४) ८० टक्क्यांनंतर वेग कमी होणे हा बिघाड नाही. सेल भरत आले की करंट मुद्दाम कमी केला जातो.

एवढे करूनही चार्ज झाली नाही, बॅटरी फुगली किंवा वास आला, तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. बॅटरी स्वतः उघडू नका.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. आपण मात्र बॅटरी खोलीत आणतो, पलंगाखाली चार्जिंगला लावतो आणि झोपतो. रूममेटही तिथेच झोपलेला असतो! रेक्टर सरांना विनंती, की पार्किंगमध्ये पक्के अर्थिंग, एमसीबी आणि आरसीसीबी असलेले १६ अँपिअरचे दोन पॉइंट द्यावेत. मग बॅटरी खोलीत आणायला कुणाकडे कारणच उरणार नाही.