शाश्वत विकास : तज्ज्ञ शेजारच्या शेतातही असतात

‘शाश्वत विकास’ शिकवताना व्याख्या पाठ करून घेऊ नका. लातूरपासून सुरुवात करा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला १० टँकर-वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. गुणाकार मुलांना करू द्या. मग विचारा, असं का झालं? पाऊस कमी, हे एक कारण. दुसरं म्हणजे वर्षभर पाणी पिणारा ऊस आणि खोल खोल जाणारे बोअर.

मग तज्ज्ञांनी काय केलं? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेतून इथल्या महिलांसोबत काम केलं. पुढे त्यातून एक एकर शेती उभी राहिली. घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईच्या हाती. त्यात ज्वारी, कडधान्यं, भाजीपाला, शेणखत आणि कमी पाणी. आधी घरचं ताट, उरलेलं बाजारात. एक पीक गेलं तरी दुसरं हाती लागतं.

उपक्रम : मुलांनी आजीला विचारावं, “तुमच्या शेतात पूर्वी किती पिकं होती? आता किती?” शेती नसलेल्यांनी घरात दिवसाला किती घागरी पाणी लागतं ते मोजावं. दोन्ही उत्तरं फळ्यावर मांडा आणि चर्चा मुलांवर सोडा.