विद्यार्थ्याची नवी नोंद : आपोआप तयार होणारे क्लास आणि कन्स्ट्रक्टर

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर संगणकात आले, की विद्यार्थ्यांच्या तक्त्यावरून 'विद्यार्थी' हा सी शार्प भाषेतील क्लास एंटिटी फ्रेमवर्क आपोआप लिहून देते. नवी नोंद तयार होताना त्या क्लासचा जो भाग सर्वप्रथम चालतो, तो कन्स्ट्रक्टर. त्यात आपले नियम कसे घालावेत, हे या पाठात पाहू.

यंत्राने लिहिलेल्या फाइलीत बदल करू नये. तक्त्यात एखादा रकाना वाढवून क्लास पुन्हा तयार केला, की आपली भर पुसली जाते. मात्र हे क्लास 'पार्शल' असतात. 2005 पासून सी शार्पमध्ये एकच क्लास अनेक फाइलींत विभागून लिहिता येतो. म्हणून आपला कन्स्ट्रक्टर त्याच क्लासच्या वेगळ्या फाइलीत लिहावा.

यंत्राच्या फाइलीत बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर पुष्कळदा आधीच असतो. तो पुन्हा लिहिल्यास कंपायलर चूक दाखवतो. नसेल, तर आपल्या पॅरामीटरच्या कन्स्ट्रक्टरसोबत तो आपणच लिहावा. जुनी नोंद वाचताना फ्रेमवर्कला तो लागतो. म्हणूनच नवा दाखल क्रमांक देण्याचे काम त्यात ठेवू नये. ते प्रत्येक वाचनाच्या वेळी घडेल.

आता मुख्य प्रश्न : काय गृहीत धरावे? प्रवेशाची तारीख आजची धरता येईल. जिल्हा 'बुलढाणा' धरणे सोयीचे वाटते. पण मूल शेजारच्या जालना वा वाशीमचेही असू शकते. धर्म आणि जात तर कधीच गृहीत धरू नये. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांसह लाखोंनी धम्म स्वीकारला. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो दर्जा मिळाला. जातीच्या दाखल्यासाठी शाळेतील नोंद महत्त्वाचा पुरावा ठरते. कोणी सोयीसाठी एक धर्म आधीच भरून ठेवला, तर त्याचा भुर्दंड मुलाला पुढे अनेक वर्षे सोसावा लागतो.

म्हणून धर्म, जात आणि आईचे नाव हे आपल्या कन्स्ट्रक्टरचे पॅरामीटर असावेत, आणि रिकामे मूल्य आल्यास त्याने नोंद नाकारावी. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केले आहे. ती मुले लवकरच शाळेत येतील. प्रवेशाच्या पडद्यामागे हाच कन्स्ट्रक्टर वापरला जातो ना, हेही तपासावे. जे केवळ पालकच सांगू शकतात, ते संगणकाने त्यांनाच विचारावे.