विचारणारा फोन आणि न विचारणारी मी

2023च्या नोव्हेंबरात घरच्या ग्रुपवर न्यू जर्सीहून नणंदबाईंचा मेसेज आला. आयफोनच्या नव्या आयओएस 17मध्ये नेमड्रॉप नावाची भानगड आहे, फोन जवळ आले की मुलांचा नंबर आपोआप जातो, तिकडच्या पोलिसांनीच बजावलंय, ताबडतोब बंद करा! मी तो तत्परतेने चार ग्रुपांवर ढकलला. अक्कल मागाहून आली, ती अशी.

1. घाबरायला अर्धं मिनिट पुरतं, खात्री करायला पाच लागतात. नववीतल्या लेकीने तिचा नि माझा फोन डोक्याला डोकं लावून धरला. पडद्यावर उजेडाची लाट सरकली आणि प्रश्न आला: ‘शेअर’ की ‘रिसीव्ह ओन्ली’? बोट टेकवेपर्यंत काहीएक गेलं नाही. लेकीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ग्रुपांवर खुलासा टाकायचं धैर्य मला आजतागायत झालेलं नाही.

2. तरी पोलीस अगदीच चुकले असं म्हणवत नाही. माझा सहा वर्षांचा धाकटा दिसेल ते बटण दाबतो. त्याच्या हाती माझाच फोन असतो. म्हणून सेटिंग्ज, जनरल, एअरड्रॉप, ‘ब्रिंगिंग डिव्हाइसेस टुगेदर’ असा प्रवास करून मी ते बंद केलं आणि विजयी मुद्रेने चहा टाकला.

3. चहा उकळेस्तोवर दारामागे टांगलेल्या दप्तराकडे लक्ष गेलं. त्याला मीच हौसेने करून घेतलेलं की-चेन: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, माझा मोबाइल. रिक्षाच्या रांगेत कुणीही वाचावं आणि नावाने हाक मारावी. नाव माहीत असलेला माणूस मुलाला ओळखीचाच वाटतो. आता नाव दप्तराच्या आतल्या बाजूला आहे.

4. दुसऱ्याचा नंबर माझ्या फोनमध्ये असतो, माझ्या मालकीचा नसतो. अनोळखी कॉल ओळखणारं एक ॲप घेताना मी डोळे झाकून ‘अलाउ’ दाबलं होतं. सगळी यादी गेली. लेकीचा नंबर मी ‘पिल्लू नवीन’ नावाने ठेवला होता. क्लासमधल्या मैत्रिणीला तिने फोन केला, तर तिकडे झळकलं ‘पिल्लू नवीन’. महिनाभर वर्ग तिला त्याच नावाने हाक मारत होता. याहून वाईट घडू शकलं असतं, हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

5. डेटा संरक्षणाचा 2023चा आपला कायदा म्हणतो, अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी. वाचून मला राखणदार झाल्यासारखं वाटलं. लगेच आठवलं, वाढदिवसाला गणवेशातला, शाळेच्या बिल्ल्यासकटचा फोटो स्टेटसला कुणी लावला होता? “मला विचारलंस?” असं लेकीने तेव्हाच विचारलं होतं. मी म्हटलं होतं, “त्यात काय विचारायचं!” फोनसुद्धा विचारतो.

परवा नणंदबाईंनी लेकीचा नवा नंबर मागितला. “तिला विचारून सांगते,” म्हटलं. त्या अजून फुगून बसल्या आहेत.