पाठीतील सळई आणि ऑपरेशनपूर्वीची चिंता

आपल्या सभासदांपैकी पन्नाशी ओलांडलेल्यांची विचारपूस केली, तर "पाठीत रॉड टाकला आहे" असे सांगणारे दोन-तीन जण तरी निघतात. कोणाची चकती सरकलेली असते, कोणाचा मणका घसरलेला असतो. ऑपरेशन झाले, चालणे-फिरणे सुरू झाले की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपतो. परंतु काहींच्या बाबतीत चार-सहा वर्षांनी पाठ पुन्हा धरते, एक्स-रे काढला जातो आणि डॉक्टर सांगतात की स्क्रू सैल झाला आहे, किंवा सळई तुटली आहे, पुन्हा ऑपरेशन करावे लागेल. तेव्हापासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत जे दिवस जातात त्यांविषयी प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत कारकुनी करणारे. परंतु आमच्या वहिनींवर हाच प्रसंग आल्यामुळे या विषयाचे जे वाचन झाले, जी विचारपूस करावी लागली, ती आपणांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे धातूचे सामान करते काय, ते समजून घेऊ. सर्वसाधारण समजूत अशी की सळई आयुष्यभर पाठीचा भार उचलते. वस्तुस्थिती निराळी आहे. दोन मणक्यांमध्ये हाडाचे तुकडे भरून ते मणके एकमेकांस जोडले जावेत, हा ऑपरेशनचा खरा हेतू असतो. ते जुळेपर्यंत त्यांना हलू न देणे, एवढेच सळईचे व स्क्रूचे काम. स्लॅब टाकताना खाली टेकू देतात, तसे हे आहे. हाड जुळण्यास साधारणपणे सहा महिने ते वर्ष लागते. ते जुळलेच नाही तर प्रत्येक वाकण्या-उठण्याचा ताण सळईवर येत राहतो, आणि लोखंडी तार वारंवार वाकवली की तुटते तशी ती केव्हातरी तुटते.

हे ज्ञान अनुभवातून आलेले आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. पॉल हॅरिंग्टन हे पोलिओमुळे पाठीचा कणा वाकडा झालेल्या मुलांवर उपचार करीत. त्यांनी स्टीलची सळई व आकडे बसवून कणा सरळ करण्याची पद्धत काढली व १९६२ साली ती प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या रुग्णांत केवळ सळई बसवली, मणके जोडले नाहीत. तेव्हा सळया तुटू लागल्या, आकडे निसटू लागले. त्यावरून सळईसोबत हाडाची जोडणीही केली पाहिजे, हे निश्चित झाले. आज सळया बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या असतात, स्क्रू थेट मणक्यात बसवतात, पण तत्त्व तेच राहिले आहे.

वहिनींना हे कोणी सांगितले नव्हते. सळई तुटल्याचे कळल्यापासून त्या रात्री कुशीवर वळेनाशा झाल्या. "भाऊजी, ही आत घुसली तर? पाय जातील ना माझे?" हाच एक प्रश्न. आम्ही तो चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावून दाखविले की सळईचे दोन्ही तुकडे स्क्रूंनी जागच्या जागी धरलेले आहेत. शिवाय मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. वहिनींची सळई चौथ्या-पाचव्या मणक्याची. नसांना धोका नसतोच असे डॉक्टर म्हणाले नाहीत, परंतु कुशीवर वळण्याने काही बिघडणार नाही, हे स्पष्ट सांगितले. त्या रात्री वहिनी झोपल्या. (प्रत्येकाचा एक्स-रे निराळा असतो, हे उत्तर दुसऱ्याने स्वतःस लावून घेऊ नये.)

रुग्णास माहिती दिली तर तो अधिक घाबरेल, असे आपल्याकडे मानतात. याविषयी १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. एग्बर्ट हे भूल देणारे डॉक्टर. पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण त्यांनी निवडले. त्यांतील एका गटास ऑपरेशनपूर्वी सांगितले की दुखणार कोठे, का दुखणार, किती दिवस, आणि त्या वेळी श्वास कसा घ्यावा, स्नायू कसे सैल सोडावेत, कूस कशी बदलावी. दुसऱ्या गटास यातले काही सांगितले नाही. पहिल्या गटाला वेदनाशामक औषध जवळजवळ निम्मेच लागले, आणि कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडले. ऑपरेशन पोटाचे होते हे खरे, पण भीतीचा प्रकार तोच आहे.

म्हणून आमचे मत असे की या दिवसांत रुग्णाजवळ एक वही असावी. मनात येणारी प्रत्येक चिंता तिच्यात प्रश्नाच्या रूपाने लिहावी. "पुन्हा तुटले तर?" या चिंतेतून डॉक्टरांना विचारण्याजोगे तीन प्रश्न तरी निघतात : पहिल्या वेळी हाड जुळले नाही ते का, तपासणीत काय दिसले, आणि या वेळी निराळे काय करणार? कारण ठरले नसेल तर ते शोधणे हे ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे. हाडे ठिसूळ असली तर स्क्रू धरत नाही. त्यासाठी हाडांच्या घनतेची तपासणी करतात. आत हळू चालणारा जंतुसंसर्ग असला तरी स्क्रू सैल होतो. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम चिघळण्याचा धोका वाढतो.

आणि तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडे जुळण्यास अडचण येते, हे सर्वमान्य आहे. पण आपल्या आयाबहिणी मशेरी लावतात ती कोणी मोजत नाही. डॉक्टर विचारतात "सिगारेट ओढता का?" आणि उत्तर मिळते "छे छे!" मशेरीतले निकोटीनही रक्तातच जाते. वहिनी तीस वर्षे मशेरी लावीत होत्या; त्या सुटण्यास तारखेपूर्वीचे पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत घरातील सर्वांनी त्यांची बोलणी खाल्ली. तरीही त्या म्हणत की आपल्या हातून काहीतरी होते आहे, याने मन हलके होते.

काही प्रश्नांना मात्र उत्तर नसतेच. ऑपरेशन यशस्वी होईलच का? दुखणे पूर्ण जाईल का? दुसऱ्या ऑपरेशनने दुखणे कमी होईल, पण पूर्ण जाईल असे प्रामाणिक डॉक्टर सहसा सांगत नाहीत. अशा चिंतांसाठी बॉर्कोवेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधा उपाय मांडला. दिवसातला अर्धा तास, ठरलेल्या जागी व ठरलेल्या वेळी, चिंतेसाठी राखून ठेवावा. इतर वेळी चिंता आली तर "साडेपाचला बघू" म्हणून ती पुढे ढकलावी. झोपण्याच्या वेळी हा अर्धा तास ठेवू नये. ऐकताना हसू येते, वहिनींनाही आले. पण आठवडाभरात रात्रीचे जागरण बरेच उणावले. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांनी ते जरूर करावे, मात्र मांडी घालून ताठ बसण्याचा हट्ट नको. पडून किंवा खुर्चीत बसूनही श्वास पाहता येतो.

घरच्यांनी "काही होत नाही, घाबरू नकोस" हे वाक्य टाळावे. त्याने रुग्णाचे बोलणे बंद होते, चिंता नाही. त्यापेक्षा वही घेऊन डॉक्टरांकडे सोबत जावे व उत्तरे लिहून घ्यावीत. खर्चाची चिंता तर रुग्ण बोलूनही दाखवत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते किंवा कसे, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्रास आधीच विचारावे.

थांबू नये अशी लक्षणेही सांगणे आवश्यक आहे. लघवी अडणे किंवा संडास-लघवीवरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पायातील शक्ती अचानक कमी होणे, अथवा ताप येऊन जुन्या जखमेतून स्राव येणे, यांपैकी काहीही झाल्यास ऑपरेशनच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

आता कागदपत्रांविषयी, येथे आमच्यातला कारकून बोलतो. स्क्रू काढण्याची हत्यारे कंपनीगणिक वेगळी असतात. आत कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे सामान आहे हे आधी कळले, तर सर्जन तीच हत्यारे मागवून ठेवू शकतात. ही माहिती एका लहानशा स्टिकरवर असते आणि ते पहिल्या ऑपरेशनच्या केसपेपरवर चिकटवलेले असते. २००२ सालच्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरांनी ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावयाची असतात. परंतु नोंदी जपून ठेवण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे. वहिनींच्या पहिल्या ऑपरेशनला सहा वर्षे होऊन गेली होती. सुदैवाने दादांनी त्या वेळी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्यांत स्टिकरचे पान होते, लॉट नंबरसकट. ते पाहून सर्जननी प्रथम वहिनींना विचारले, "हे जपून कोणी ठेवले?" नव्या ऑपरेशनचे स्टिकरही आता त्याच पिशवीत आहे, आणि त्याची एक प्रत आमच्या कपाटात.