नफा कोणत्या दाराने जातो?

मालेगावात कोणत्याही कारखानदाराला विचारा, धंदा का बसला? उत्तर ठरलेले आहे. शेजारच्या गल्लीतल्याने भाव पाडला. भिवंडीत विचारा, इचलकरंजीत विचारा, हेच ऐकायला मिळेल. त्याने मीटरमागे चार आणे कमी केले, म्हणून आम्हीही केले, मग तिसऱ्याने केले आणि सगळेच बुडाले.

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि या अपुऱ्या उत्तरावर आपण वर्षानुवर्षे आपले फैसले करीत आलो आहोत.

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये एक लेख लिहिला आणि १९८० साली ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’ हे पुस्तक काढले. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, त्यामुळे ते पुस्तक मी वाचले असे म्हणणार नाही. भाचा एम.बी.ए. करीत होता तेव्हा त्याने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच खाने आखून मला समजावले. तो म्हणाला, “मामू, तुमच्या ताटात पाच जण जेवतात. तुम्ही भांडता फक्त एकाशी.”

ते पाच असे. आपल्यासारखाच धंदा करणारा. उद्या या धंद्यात उतरू शकणारा. कच्चा माल देणारा. तयार माल घेणारा. आणि आपल्या मालाऐवजी दुसराच माल. धंद्यात एकूण जो नफा निघतो तो या पाचांच्या जोरानुसार वाटला जातो. ज्याचा जोर जास्त, त्याचा घास मोठा. ताकद, कमजोरी, संधी, धोका अशा चार खान्यांची पद्धत आपल्याकडे जास्त परिचयाची आहे. पण माझा अनुभव असा की तिच्यात प्रत्येक जण “आमचा माल चांगला” एवढे लिहून मोकळा होतो. पाच खान्यांत स्वतःची तारीफ करायला जागा नाही.

आता हे खाने यंत्रमागावर लावून पाहू या.

नवा माणूस या धंद्यात येणे सोपे आहे. जुने साधे माग विकत घ्यायचे, पत्र्याची शेड भाड्याने घ्यायची, की झाला कारखानदार. दुसऱ्या मालाचा धोकाही आपण भोगलेला आहे. मालेगावची रंगीत सुती साडी एके काळी खेडोपाडी जात होती. सिंथेटिक साडी आली आणि ते गिऱ्हाईक गेले. त्यात कोणा शेजाऱ्याचा कसूर नव्हता.

खरा विचार करण्याजोगे खाने दोन आहेत, सूत देणारा आणि कापड घेणारा.

सुताचा भाव कारखानदाराच्या हातात नाही. मे २०२२ मध्ये कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली होती. त्या दिवसांत सूत महाग झाले, पण ग्रे कापड घेणारा त्याच प्रमाणात भाव वाढवून द्यायला तयार नव्हता. बरे, सूत घ्यायचे तर रोख किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर, आणि कापड विकायचे ते साठ, नव्वद दिवसांच्या वायद्यावर. मधले दिवस कोणाच्या पैशावर चालतात, हा हिसाब फार थोडे लोक मांडतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, आपण आपले घालावेत. समजा चोवीस माग आहेत आणि महिन्याला ३०,००० मीटर कापड निघते. भाव २५ रुपये मीटर, म्हणजे विक्री साडेसात लाख. सूत रोखीच्या भावाने धरून, मजुरी, वीज, साईझिंग सगळे वजा जाता मीटरमागे एक रुपया उरतो असे धरा. म्हणजे महिन्याला ३०,००० रुपये.

पण रोख पैसा बाजारात अडकलेला आहे म्हणून सूत उधारीने घेतले, आणि उधारीचा भाव किलोला ४ रुपये जास्त आहे. मीटरला १०० ग्रॅम सूत धरले तर ३,००० किलोवर १२,००० रुपये गेले. पुढे कापड घेणाऱ्याने पैसे देताना दोन टक्के वटाव कापला. साडेसात लाखांवर १५,००० गेले. उरले ३,०००. आता शेजाऱ्याच्या चार आण्यांचा हिसाब करा. ३०,००० मीटरवर ते होतात ७,५००. त्याच्याशी आपण सात-साडेसात हजारांसाठी दुश्मनी करतो आणि २७,००० रुपये दोन दारांनी निमूटपणे निघून जातात. दोन्ही दारे उघडी आहेत ती एकाच कारणाने, उधारी लांबते म्हणून.

(येथे एक खुलासा. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा असला, पण सौदा होताना एकच भाव व मुदत पक्की ठरली, तर बहुसंख्य उलमा ते जायज मानतात. सौदा झाल्यावर मुदत लांबली म्हणून रक्कम वाढवणे हे मात्र व्याजच होय. बाजारात हे दोन्ही एकत्र मिसळून चालते.)

मग करावे काय? पहिली गोष्ट, शेजाऱ्याला दुसऱ्या नजरेने पाहावे. सूत घेताना आपला जोर कमी पडतो कारण आपण दोन-चार पोती घेणारे असतो. पाच-सहा कारखानदारांनी रोख रक्कम एकत्र करून एकाच काउंटचे सूत घेतले तर भावाची बोलणी वेगळी होते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पॉवरटेक्स योजनेत अशा गटांच्या सूत बँकेसाठी बिनव्याजी भांडवलाची सोय होती. त्या योजनेची मुदत संपली, पण एकत्र खरेदीला सरकारी योजनाच लागते असे नाही. ज्याच्याशी आपण भावावरून भांडतो तोच या कामात आपला साथीदार होऊ शकतो. अडचण पैशांची कमी आणि विश्वासाची जास्त असते, म्हणून एकाने हिसाब लिहावा व दर शुक्रवारी, माग बंद असतात तेव्हा, सर्वांना दाखवावा.

दुसरी गोष्ट, सौदा लिहून घ्यावा. दिव्य कुरआनात सूरह बकराची २८२ वी आयत कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याविषयी आहे आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. तरी आपल्या बाजारात लाखांचे कापड तोंडी शब्दावर जाते आणि तारीख विचारली तर समोरच्याला अपमान वाटतो.

देशाचा कायदाही या बाबतीत कारखानदाराच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही ही गोष्ट आली. या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करून मिळत नाही. यासाठी कारखानदाराची उद्यम नोंदणी असावी लागते. ती १ जुलै २०२० पासून सुरू असून तिला फी नाही. उशिराच्या रकमेवर कायदा व्याज देतो. ते घ्यायचे की नाही, हा आपला दीनी प्रश्न आहे. मूळ रक्कम वेळेवर मागण्यात तर कोणतीच अडचण नाही. काही खरेदीदार नोंदणी असलेल्याकडून माल घ्यायलाच कचरतात, हे खरे. म्हणूनच एकाच पार्टीला सगळा माल देऊ नये. तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त माल एका ठिकाणी जात असेल, तर भाव आपण नव्हे, ती पार्टी ठरवते.

हे मी पुस्तकावरून लिहीत नाही. मी ग्रे कापड घेऊन पाली आणि बालोत्र्याला पाठवणारा व्यापारी. माझा निम्म्याहून जास्त माल एकाच पेढीकडे जात असे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागले आणि त्या पेढीने पैसे थांबवले. काही रक्कम दीड वर्षाने आली, काही आलीच नाही. मी काय केले? कारखानदारांचे पैसे मी थांबवले. कायद्याने व्यापाऱ्याला विकणारा म्हणून हे ४५ दिवसांचे संरक्षण नाही, पण घेणारा म्हणून बंधन पुरते आहे. ते मला तेव्हा माहीतही नव्हते.

त्या पानावर पाच खाने भरून झाल्यावर भाच्याने विचारले होते, “मामू, कारखानदाराने असा कागद केला तर तुमचे नाव कोणत्या खान्यात येईल?”

मी त्याला उत्तर दिले नाही. पण तेव्हापासून माल गोदामात येतो त्याच दिवशी चिठ्ठीवर तीस दिवसांची तारीख टाकतो. एका पेढीऐवजी चार पेढ्यांना माल देतो. पहिल्या वर्षी रक्कम पुरली नाही म्हणून दोन मोठे सौदे सोडावे लागले. ज्या बारा कारखानदारांकडून मी माल घेतो त्यांपैकी चौघे आता सूत रोखीने आणतात, आणि ताके तयार झाले की पहिला फोन मला करतात.