औषधांतील निष्क्रिय द्रव्यें

फवारणीच्या द्रावांत योग्य चिकट द्रव्य मिसळलें असतां तो पानांवर सारखा पसरतो, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. औषध तेंच, माप तेंच. परंतु सोबतच्या पदार्थामुळें परिणाम पालटतो. मनुष्यांच्या व जनावरांच्या पोटांत जाणाऱ्या औषधांसही हाच न्याय लागू आहे.

गोळींतील गुणकारी द्रव्य पुष्कळदां कांहीं मिलिग्रॅमच असतें. एवढ्याशा भुकटीची गोळी पडत नाहीं. म्हणून तींत दुग्धशर्करेची भर घालतात. मक्याचें पिष्ट खळीच्या रूपानें कण बांधून ठेवतें, आणि तेंच कोरडें घातल्यास पोटांत पाणी शोषून फुगतें व गोळी फोडतें. गोळी साच्यास चिकटूं नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट घालतात. त्याचें प्रमाण वाढलें किंवा मिश्रण फार वेळ घोळलें, तर त्याचा स्निग्ध थर कणांवर बसतो व गोळी उशिरां विरघळते. यावरून या द्रव्यांस ‘निष्क्रिय’ म्हणणें किती फसवें आहे हें दिसून येईल.

१९६८-६९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें अपस्माराच्या रोग्यांत विषबाधेचीं लक्षणें दिसूं लागलीं. फेनिटॉइन या औषधाची मात्रा बदललेली नव्हती. कॅल्शियम सल्फेटऐवजीं दुग्धशर्करेची भर मात्र घातली होती. त्यामुळें औषध रक्तांत अधिक शिरूं लागलें.

द्रावक चुकला तर याहूनही घोर अनर्थ होतो. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलमाइड हें औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवांत विरघळवून विकलें गेलें व शंभराहून अधिक माणसें दगावलीं. विक्रीपूर्वी औषध निर्धोक असल्याचा पुरावा मागणारा कायदा तेथें १९३८ सालीं झाला. तरीही १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत याच विषाची भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळें १४ रोगी मृत्यु पावले.

म्हणून शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी पाळाव्या. औषध परवानाधारक दुकानांतूनच, पावती घेऊन आणावें. अपस्मारासारख्या रोगांत एका कारखान्याची गोळी सोडून दुसऱ्याची घेण्यापूर्वी वैद्यांस विचारावें. कांहीं गोळ्यांवर त्या जठरांत न फुटतां आंतड्यांत विरघळाव्या म्हणून लेप असतो. त्या कुटूं किंवा मोडूं नयेत. पिष्ट दमटपणा ओढून घेतें, यास्तव गोळ्या मूळच्या वेष्टणांतच, कोरड्या जागीं ठेवाव्या. जनावरांचें औषधही पशुवैद्यास विचारल्यावांचून बदलूं नये.