रोगप्रतिबंधक लस आणि पुरुषांचे प्रजनन-आरोग्य

मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील लसीकरणाचा तो आरंभ होय. त्यानंतरच्या दोनशेहून अधिक वर्षांत लशींनी असंख्य बालकांचे प्राण वाचविले. तथापि अनेक लशींच्या मागोमाग एक भीतीही गावोगाव पोचली. लस घेतल्याने पुरुषत्व जाते, मुलगा पुढे बाप होऊ शकत नाही, ही ती भीती. पोलिओच्या थेंबांविषयी ती बोलली गेली आणि कोविडच्या लशीविषयीही बोलली गेली. ही शंका हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. तिच्यापायी एखादा पिता आपल्या मुलाला लशीपासून दूर ठेवतो. आणि ज्या रोगांपासून ते मूल असुरक्षित राहते, त्यांतील काही रोग पुरुषाच्या प्रजननसंस्थेला खरोखरच इजा करणारे असतात.

दोन निराळ्या गोष्टी

या विषयात प्रथम एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. नपुंसकत्व म्हणजे शरीरसंबंधाची असमर्थता. वंध्यत्व म्हणजे अपत्यप्राप्तीची असमर्थता. बोलण्यात या दोहोंची सरमिसळ होते. प्रत्यक्षात पूर्णपणे समर्थ असलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतूंचा अभाव असू शकतो.

शुक्रजंतू वृषणांत तयार होतात. या कार्यास शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तपमान लागते. म्हणूनच निसर्गाने वृषणांची योजना पोटाबाहेर केली आहे. शुक्रजंतू पूर्ण तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. कोणत्याही कारणाने जोराचा ताप आला, तर पुढील काही आठवडे शुक्रजंतूंची संख्या घटू शकते. ही घट सामान्यतः तात्पुरती असते आणि नवे शुक्रजंतू तयार होताच भरून निघते. वृषणाच्या पेशीच नष्ट झाल्या किंवा शुक्रजंतूंचा मार्ग बंद झाला, तर होणारी हानी मात्र कायमची ठरू शकते.

गालगुंड : किरकोळ समजला जाणारा रोग

अशी हानी करणारा एक परिचित रोग म्हणजे गालगुंड. कानाखालील लालोत्पादक ग्रंथी सुजतात, ताप येतो, गिळताना दुखते आणि आठवडा-दहा दिवसांत मूल बरे होते. त्यामुळे गालावर लेप लावून घरीच निभावून नेण्याचा हा रोग, अशी समजूत आहे. लहान वयात बहुधा तसेच घडते. परंतु हाच रोग वयात आलेल्या मुलाला अथवा प्रौढ पुरुषाला झाला, तर त्याचे स्वरूप पालटते. लस न घेतलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे १५ ते ३० टक्के रुग्णांत वृषणदाह होतो. गालाची सूज आल्यानंतर साधारणतः पहिल्या आठवड्यात पुन्हा ताप चढतो आणि एक वृषण, क्वचित दोन्ही, सुजून अतिशय दुखू लागतात.

वृषणाभोवती एक चिवट आवरण असते. आतील भाग सुजला तरी ते फारसे ताणले जात नाही. परिणामी आत दाब वाढतो आणि शुक्रजंतू निर्माण करणाऱ्या नाजूक नलिकांना इजा पोचते. वृषणदाह झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो वृषण पुढे काही प्रमाणात आकसतो. दुसरा वृषण निरोगी असल्यामुळे संपूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. दोन्ही वृषणांस दाह झाल्यास मात्र धोका वाढतो.

या रोगावरील लशीचा इतिहास एका घरातून सुरू झाला. १९६३ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांची कन्या जेरिल लिन हिला गालगुंड झाले. पित्याने तिच्या घशातून घेतलेला विषाणू प्रयोगशाळेत दुर्बल करून त्यापासून लस सिद्ध केली आणि १९६७ मध्ये तिला परवाना मिळाला. त्यापूर्वी अमेरिकेत दरवर्षी सुमारे १,८६,००० रुग्णांची नोंद होत असे; लसीकरणानंतर ही संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लस घेतल्यावर वृषणदाह झाल्याच्या अगदी तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मात्र प्रत्यक्ष रोगातील प्रमाणाशी त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

देवीच्या रोगाची साक्ष

देवीचा रोग चेहऱ्यावर व्रण ठेवून जाई, हे सर्वांस ठाऊक आहे. तो आतही व्रण ठेवी, हे फारसे कोणास ठाऊक नसते. मुंबईतील डॉ. फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुरुषांच्या वंध्यत्वाचे एक कारण म्हणून देवीच्या रोगाकडे लक्ष वेधले. देवी येऊन गेलेल्या काही पुरुषांत शुक्रजंतू बाहेर नेणारी सूक्ष्म नलिकाच बंद झालेली आढळली. वृषणाचे कार्य चालू, पण वाट बंद, अशी ती अवस्था होती. पुढे १९७५ मध्ये भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण आढळला आणि १९८० मध्ये जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. ज्या लशीने हे घडविले, तिनेच पुरुषांच्या वंध्यत्वाचे एक कारणही कायमचे नाहीसे केले.

शंकेचे मूळ

मग ही भीती आली कोठून? तिची मुळे काही अंशी अनुभवात आहेत. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. त्या काळातील सक्तीची आठवण अनेक कुटुंबांत राहिली. शासनाचा माणूस औषध घेऊन दारी येतो तेव्हा त्याच्या मनात दुसरेच काही असावे, हा संशय त्या आठवणीतून बळावला.

अशा संशयाची किंमत बालकांना मोजावी लागते. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले व त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. थेंबांमुळे मुलगे निकामी होतात, ही अफवा तेथील काही भागांत प्रबळ होती. नायजेरियातील कानो प्रांतात २००३ मध्ये अशाच अफवेमुळे लसीकरण थांबले. ते सुमारे एक वर्षाने पुन्हा सुरू झाले. तोवर तेथील विषाणू इतर अनेक देशांत पोचला होता. उत्तर प्रदेशात परिस्थिती पालटली ती धाकदपटशाने नव्हे. मोहल्ल्यातील स्त्रिया, शिक्षक आणि धर्मगुरू घरोघरी गेले, त्यांनी प्रश्न ऐकून घेतले आणि उत्तरे दिली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

कोविडची लस

कोविडच्या लशीविषयीही हाच प्रश्न उपस्थित झाला. जानेवारी २०२१ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी नपुंसकत्वाची वार्ता निराधार असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी ४५ निरोगी पुरुषांच्या वीर्याची, एमआरएनए पद्धतीच्या लशीच्या दोन मात्रांपूर्वी व नंतर, तपासणी केली. शुक्रजंतूंची संख्या व हालचाल यांत घट आढळली नाही. अपत्यप्राप्तीसाठी प्रयत्न करणाऱ्या २,१२६ स्त्रियांकडून माहिती घेऊन बोस्टन विद्यापीठाने केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पती अथवा पत्नीने लस घेतल्याने गर्भधारणेच्या शक्यतेवर परिणाम झाल्याचे त्यात दिसले नाही. उलट, पुरुषास प्रत्यक्ष कोविड झाल्यावर सुमारे दोन महिने ती शक्यता कमी झाल्याचे आढळले. म्हणजे येथेही बोट रोगाकडेच वळते.

पालकांनी व तरुणांनी काय करावे?

राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणलेल्या गोवर-रुबेला लशीत गालगुंडाचा घटक नाही. तो एम.एम.आर. या लशीत असतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती नवव्या व पंधराव्या महिन्यात आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान देण्याची शिफारस केली आहे. लहानपणी ही लस न मिळालेल्या तरुणांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. ही लस जिवंत परंतु दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना व गर्भवतींना ती देत नाहीत.

एच.पी.व्ही. विषाणूविरुद्धची लस केवळ मुलींची, असाही समज आहे. हा विषाणू पुरुषांत जननेंद्रियावरील चामखीळ तसेच शिश्न, गुदद्वार व घसा यांच्या कर्करोगास कारणीभूत होऊ शकतो. पुण्यात तयार झालेल्या या लशीस २०२२ मध्ये मुलगे व मुली या दोघांसाठीही परवानगी देण्यात आली.

गालगुंड झालेल्या तरुणाचे वृषण सुजल्यास त्याने विश्रांती घ्यावी, वृषणांना आधार द्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे. लाजेने दुखणे लपवू नये. गालगुंड नसताना एखाद्या मुलाचे वृषण एकाएकी तीव्र दुखू लागले, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी एक-एक तास मोलाचा असतो. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता बरीच असते. म्हणून सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लग्नानंतर मूल होत नसेल, तर दोष स्त्रीकडे देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. वीर्याची तपासणी ही साधी व वेदनारहित तपासणी असून ती प्रथमच करून घ्यावी. आरोग्यसेविका अथवा आशा स्वयंसेविका लशीसंबंधी सांगण्यास घरी येईल, तेव्हा मनातील शंका तिला मोकळेपणाने विचारावी. प्रश्न विचारणे हा पालकांचा हक्क आहे आणि त्याचे खरे उत्तर देणे हे आरोग्य यंत्रणेचे कर्तव्य आहे. मात्र शंकेपायी मुलाची लस राहून जाता कामा नये.